नाबोथाचा द्राक्षमळा

गालीलच्या टेकड्या आणि शोमरोनचा डोंगराळ मुलूख यांच्या दरम्यान जे सुपीक खोरे पसरलेले आहे, त्याच्या पूर्वेकडच्या अंगाला, गिलबोवा पर्वतापासून पुढे आलेल्या एका उंचवट्यावर, इज्रेल नावाचे नगर होते. इसवी सनापूर्वीच्या नवव्या शतकात इस्राएलच्या उत्तरेकडील राज्यावर अम्री घराण्याची सत्ता होती, आणि या घराण्याचा दुसरा राजा अहाब याचा वाडा या नगरात होता. अहाब हा कोणी क्षुद्र मांडलिक नव्हे. तुर्कस्तानातील कुर्ख येथे १८६१ साली सापडलेल्या अश्शूरी शिलालेखात, इ. स. पू. ८५३ मध्ये ओरोंतेस नदीकाठी कर्कर येथे सम्राट तिसरा शल्मनेसेर याच्याविरुद्ध जी राजांची जूट उभी राहिली, तिच्यात अहाबाचे २,००० रथ आणि १०,००० पायदळ होते अशी नोंद आहे. हा आकडा फुगविलेला असल्याची शंका काही अभ्यासकांनी घेतली आहे. तथापि शत्रूने आपल्या विजयस्तंभावर ज्याचे नाव कोरावे, तो राजा त्या काळच्या राजकारणात वजनदार होता यात संशय नाही.

आणि नवल असे की, हिब्रू धर्मग्रंथांत या लढाईविषयी एक अक्षरही नाही. जगाच्या इतिहासात ज्या घटनेमुळे अहाबाचे नाव सनावळीत पक्के बसले, ती घटना ‘राजे’ या ग्रंथाच्या कर्त्याने वगळली, आणि त्याऐवजी राजवाड्याच्या कुंपणाला लागून असलेल्या एका द्राक्षमळ्याच्या तंट्याला त्याने संपूर्ण अध्याय दिला. राज्यकर्त्याची थोरवी कशाने मोजावी याविषयीचा त्या ग्रंथकाराचा निर्णय या निवडीतच आलेला आहे. दैवी न्यायासंबंधी हिब्रू ग्रंथांत जे जे विचार विखुरलेले आहेत, ते जवळजवळ सर्व या एका खटल्यात एकत्र येतात. म्हणून या प्रकरणात तोच खटला आपण सविस्तर पाहू.

द्राक्षमळा नाबोथ नावाच्या इज्रेली गृहस्थाचा होता. राजाला तेथे भाजीपाल्याची बाग करावयाची होती, आणि त्याने केलेली मागणी वरकरणी अगदी रास्त होती: याहून चांगला मळा मोबदल्यात घ्यावा, अथवा रोख चांदी घ्यावी. जप्तीचा हुकूम नव्हता, धमकी नव्हती. अहाबाच्या बापाने, अम्रीने, शोमरोनची राजधानी वसविण्यासाठी शेमेर नावाच्या मालकाकडून अख्खी टेकडी दोन किक्कार चांदी मोजून खरेदी केली होती. तेव्हा बापाला जर पैशाने डोंगर मिळाला, तर मुलाला एक मळा का मिळू नये, असे राजाला वाटले असेल तर ते स्वाभाविकच होते. परंतु नाबोथाने परमेश्वराची आण घेऊन नकार दिला, आणि कारण सांगितले ते एकच: ही वाडवडिलांकडून आलेली मिरास आहे.

मराठी मुलखातल्या जुन्या मिरासदाराला हे कारण फोडून सांगावे लागले नसते. दुष्काळाने गाव सुटले, वर्षानुवर्षे जमीन दुसऱ्याने कसली, तरी परत येऊन आपल्या मिराशीवर उभे राहण्याचा हक्क तो सोडीत नसे. मात्र हिब्रू कायद्यात या भावनेला धर्माचे अधिष्ठान होते. लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायात जमिनीची कायमची विक्री मना केलेली आहे, आणि त्याचे कारण असे दिले आहे की, जमीन मुळात परमेश्वराची असून माणसे तिच्यावर केवळ उपऱ्यांप्रमाणे राहतात. अडचणीत सापडलेल्याने शेत विकलेच, तर ते पन्नासाव्या म्हणजे योबेल वर्षी मूळ कुळाकडे परत जावे असा दंडक होता. हा दंडक व्यवहारात कितपत पाळला जाई हा निराळा प्रश्न आहे. पण नाबोथाच्या नकारामागे कोणती समजूत उभी होती हे त्यावरून कळते. जी वस्तू आपली नाहीच, पूर्वजांकडून आली आणि वंशजांकडे जावयाची, तिचा सौदा करण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे तो म्हणत होता. राजाने देऊ केलेला मोबदला कमी की जास्त, हा मुद्दाच तेथे उद्भवत नव्हता.

यानंतरचा प्रसंग ग्रंथकाराने विलक्षण बारकाईने लिहिला आहे. राजा खिन्न होऊन घरी येतो, पलंगावर पडतो, तोंड फिरवितो आणि अन्न घेत नाही. राणी ईजबेल कारण विचारते, आणि तो हकीकत सांगतो. परंतु वाचकाने मागचे वाक्य पुन्हा उलटून पाहिले तर ध्यानात येते की, सांगताना त्याने नाबोथाच्या उत्तरातील गाभाच गाळलेला आहे. परमेश्वराची आण नाही, वाडवडिलांची मिरास नाही. राहिले ते एवढेच की, त्या माणसाने आपला मळा देण्याचे साफ नाकारले. धर्माच्या आधारावर दिलेला नकार राजाच्या तोंडून बाहेर पडेपर्यंत एका प्रजाजनाचा उद्धटपणा होऊन बसला. अन्यायाची पहिली पायरी ती येथे, खुनाच्या कितीतरी आधी, एका अर्धवट निवेदनात. मला तर वाटते, या कथेतील सर्वांत सूक्ष्म वाक्य हेच होय.

ईजबेल ही सीदोनी राजा एथबाल याची कन्या. राजाने मागावे आणि रयतेने नाकारावे, ही गोष्ट तिला राजपदाची विटंबना वाटली. तिने अहाबाच्या नावाने पत्रे लिहिली, त्यांवर त्याचाच शिक्का उठविला आणि ती नगरातील वडीलधाऱ्यांना व प्रतिष्ठितांना रवाना केली. उपास जाहीर करावा. नाबोथाला लोकांपुढे मानाच्या जागी बसवावे. त्याच्या समोर दोन हलकट माणसे बसवावी. त्यांनी अशी साक्ष द्यावी की, याने देवाची आणि राजाची निंदा केली. मग त्याला वेशीबाहेर नेऊन दगडमाराने ठार करावे. पत्रात जे होते ते अक्षरशः घडले.

या कटाची भयानकता त्यातील क्रौर्यापेक्षा त्याच्या कायदेशीरपणात आहे. देवाची निंदा करू नये व लोकांच्या अधिपतीला शाप देऊ नये, हे दोन्ही निषेध निर्गम ग्रंथात एकाच वाक्यात जोडलेले आहेत. तोच आरोप निवडला गेला. देहान्ताच्या शिक्षेला दोन किंवा तीन साक्षीदार हवेत हा अनुवाद ग्रंथाचा नियम. दोन साक्षीदार हजर होते. शिक्षा वेशीबाहेर व्हावी; ती वेशीबाहेर झाली. उपासामुळे सगळ्या प्रकाराला धर्मकृत्याचे स्वरूप आले. दप्तर तपासणाऱ्या कोणत्याही मुनसफाला या खटल्यात उणे काढता आले नसते. चुकला तो एकच विधी, आणि त्याची नोंद दप्तरात होत नाही: साक्ष खोटी असल्याचा संशय आला तर न्यायाधीशांनी कसून चौकशी करावी आणि खोट्या साक्षीदाराने दुसऱ्यावर जे आणू पाहिले तेच त्याच्यावर आणावे, असे त्याच अनुवाद ग्रंथात सांगितले आहे. इज्रेलच्या वडीलधाऱ्यांनी चौकशी केली नाही, कारण साक्ष खोटी आहे हे त्यांना ठाऊकच होते. पत्रे आली होती राजाच्या नावाने व शिक्क्याने. काम फत्ते झाल्याचा निरोप त्यांनी पाठविला तो मात्र राणीला. म्हणजे हुकूम कोणाचा, शिक्का कोणाचा आणि हेतू कोणता, हे सर्व जाणून त्यांनी आपल्या शेजाऱ्याला मारले होते. ग्रंथकाराने त्यांना दूषण देणारा एक शब्दही लिहिलेला नाही. निरोप कोणाकडे गेला एवढे नमूद करून तो पुढे जातो. अहाब आणि ईजबेल यांची नावे सर्वांच्या तोंडी आहेत. पण ज्यांच्या हातात तो खटला होता आणि ज्यांना एका नकाराने तो थांबविता आला असता, त्या गावच्या प्रतिष्ठितांचा अपराध मला त्या दोघांहून तसूभरही कमी वाटत नाही.

येथे मानवी न्यायाचे काम संपले. आरोपी मेला, निवाडा कायदेशीर ठरला, मालमत्ता सरकारजमा झाली. हिब्रू विचाराप्रमाणे दैवी न्याय सुरू होतो तो नेमका या ठिकाणी. त्याचे कारण समजण्यासाठी रक्त आणि भूमी यांच्या संबंधाची त्या लोकांची कल्पना लक्षात घेतली पाहिजे. काइनाने भावाला मारले तेव्हा हाबेलाचे रक्त जमिनीतून आक्रोश करू लागले, असे उत्पत्तीच्या चौथ्याच अध्यायात आहे. सांडलेले रक्त भूमीला भ्रष्ट करते, आणि ते रक्त सांडणाऱ्याच्या रक्तावाचून त्या भूमीची शुद्धी होत नाही, असे गणना ग्रंथ सांगतो. आसपासच्या कित्येक कायद्यांत खुनाबद्दल पैसे घेऊन तडजोड करण्याची मुभा असे, ती येथे खुनी माणसाच्या बाबतीत स्पष्टपणे मना केलेली आहे.

या समजुतीचा सर्वांत बोलका पुरावा म्हणजे अनुवाद ग्रंथाच्या एकविसाव्या अध्यायातील एक विधी. उघड्या रानात एखादे प्रेत सापडले आणि मारणारा कोण याचा पत्ता लागला नाही, तर वडीलधाऱ्यांनी व न्यायाधीशांनी प्रेतापासून सभोवारच्या गावांपर्यंतचे अंतर मोजावे. जे गाव सर्वांत जवळचे ठरेल, त्या गावच्या वडीलधाऱ्यांनी कधी जुवाला न लावलेली एक कालवड घ्यावी, तिला नांगरट व पेरणी न झालेल्या, वाहत्या पाण्याच्या खोऱ्यात न्यावे आणि तेथे तिची मान मोडावी. मग तिच्यावर हात धुऊन, आमच्या हातांनी हे रक्त सांडले नाही व आमच्या डोळ्यांनी ते पाहिले नाही, असे देवासमोर सांगावे. दोरी घेऊन रानात अंतर मोजणारे ते वृद्ध डोळ्यांसमोर आणावे, म्हणजे कळेल की, गुन्हेगार सापडला नाही म्हणून गुन्हा संपला असे त्या समाजाला वाटत नव्हते. बेवारशी रक्ताचाही कोणीतरी जबाबदार धनी ठरवावाच लागे. मग ज्या रक्ताचा कर्ता सर्वांना ठाऊक आहे आणि तरीही जे कागदोपत्री झाकून टाकले आहे, त्याची वाट काय? इज्रेलचे वडीलधारे हात धुऊन ती शपथ घेऊ शकले नसते.

अहाब मळ्याचा ताबा घेण्यासाठी खाली उतरला, आणि तेथेच तिश्बी एलीया त्याच्यासमोर उभा राहिला. देवाच्या काठीला आवाज नसतो असे आपण म्हणतो. हिब्रू ग्रंथांत त्या काठीला आवाज असतो, आणि तो संदेष्ट्याचा. त्याच्या प्रश्नात दोनच क्रियापदे होती, खून करणे आणि वर ताबाही घेणे. परंतु पत्रे, शिक्का, उपास, साक्षी, निवाडा यांचा सगळा डोलारा त्या दोन क्रियापदांनी एका क्षणात बाजूला सारला. अहाबाने स्वतः दगड उचलला नव्हता, पत्र लिहिले नव्हते, कदाचित मजकूरही विचारला नव्हता. शिक्का त्याचा होता आणि लाभ त्याला झाला, एवढ्यावरून त्या न्यायासनाने त्याला खुनी ठरविले. पूर्वी उरीयाच्या बायकोपायी उरीयाला युद्धाच्या आघाडीवर मरावयास धाडणाऱ्या दावीदालाही नाथान संदेष्ट्याने असेच धरले होते. बाबिलोनचा हम्मुराबी आपल्या कायद्याच्या शिळेवर स्वतःला न्यायाचा दाता म्हणून उभा करतो; हिब्रू ग्रंथांत राजा कायदा देत नाही, तो कायद्याखाली असतो, आणि खालच्या न्यायालयाचाच गुन्ह्याला उपयोग झाला तर वरचे न्यायालय राजाला प्रतिवादी म्हणून उभे करते. राजसत्तेला इतक्या जुन्या काळी घातलेली ही मर्यादा म्हणजे त्या छोट्याशा राष्ट्राने जगाला दिलेली अपूर्व देणगी आहे असे मी मानतो.

हाच एलीया महाराष्ट्राला परका नाही. पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यात तेलाचे घाणे चालविणारे आणि शब्बाथ पाळून शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत, त्या बेने इस्राएल समाजात एलियाहू हन्नबीची भक्ती पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. गोड पोहे, ओले खोबरे व फळे यांचा मलिदा त्याच्या नावाने होतो. अलिबागजवळच्या खंडाळे गावी एका खडकावर त्याच्या रथाच्या खुणा उमटल्या आहेत अशी त्यांची श्रद्धा असून तेथे त्याचा उरूसही भरतो. कोकणातला एलियाहू नवसाला पावणारा, संकटात धावून येणारा आहे. इज्रेलच्या मळ्यातला एलीया ज्याच्यासाठी आला, तो माणूस अगोदरच मेलेला होता.

शिक्षा त्याच भूमीच्या भाषेत उच्चारली गेली: जेथे कुत्र्यांनी नाबोथाचे रक्त चाटले, तेथे ती अहाबाचेही चाटतील, ईजबेलीला इज्रेलच्या तटाजवळ खातील, आणि घराण्याचा निर्वंश होईल. पण यानंतर कथा अनपेक्षित वळण घेते. अहाबाने वस्त्रे फाडली, अंगाला गोणपाट गुंडाळले, उपास केला, तो दबक्या पावलांनी चालू लागला. आणि परमेश्वराने एलीयाला सांगितले की, हा नम्र झाला म्हणून अरिष्ट याच्या हयातीत न येता याच्या मुलाच्या कारकिर्दीत येईल. पुढच्याच अध्यायात अहाब रामोथ-गिलादच्या लढाईत वेष पालटून उतरला, आणि कोणी एकाने सहज सोडलेला बाण त्याच्या चिलखताच्या सांध्यात शिरून तो मेला. रथ धुतला गेला शोमरोनच्या तळ्यावर, आणि कुत्र्यांनी रक्त चाटले तेही तेथे, इज्रेलला नव्हे. भविष्य आणि घटना यांची ही विसंगती झाकण्याचा प्रयत्न ग्रंथकाराने केलेला नाही. आपली बाजू पटविण्यासाठी इतिहास रचणारा लेखक एवढे तरी जुळवून घेतोच. न जुळलेले तसेच ठेवणाऱ्या लेखकावर माझा विश्वास बसतो.

निवाड्याची अंमलबजावणी येहू नावाच्या सेनापतीच्या हातून झाली. अहाबाचा मुलगा योराम रथातून त्याला सामोरा गेला, ती जागा नेमकी नाबोथाच्या शेताची निघाली. येहूच्या बाणाने तो कोसळल्यावर येहूने आपला सरदार बिदकर याला त्याचे प्रेत त्या शेतात टाकण्यास सांगितले, आणि पूर्वी आपण दोघे अहाबाच्या मागून रथात जात असताना ऐकलेल्या देववाणीची त्याला आठवण करून दिली. त्या वाणीत नाबोथाच्या रक्ताबरोबर त्याच्या मुलांच्या रक्ताचाही उल्लेख येतो. मूळ कथेत मुलांचा मागमूस नाही. ती मारली गेली हे आपल्याला इतक्या उशिरा, एका ओझरत्या वाक्यात कळते, आणि तेव्हा उलगडा होतो की, मिराशीला वारसच न राहिल्यामुळे मळा राजाकडे बिनहरकत गेला असावा. मग ईजबेलीची पाळी आली. तिने डोळ्यांत काजळ घातले, केस सावरले आणि खिडकीतून येहूला खडे बोल सुनावले. तिच्याच खोजांनी तिला खाली लोटले. येहू आत जाऊन जेवला, आणि ती राजकन्या आहे तेव्हा तिला पुरावे असे त्याला त्यानंतर सुचले. तोवर कवटी, पावले आणि तळहात यांखेरीज काही उरले नव्हते.

येथवर ‘करावे तसे भरावे’ हा हिशेब पुरा झाला असे कोणी म्हणेल. परंतु येहू थांबला नाही. शोमरोनात अहाबाचे सत्तर मुलगे होते. त्यांच्या पालकांना आणि तेथील वडीलधाऱ्यांना त्याने पत्रे पाठविली, आणि त्यांनी त्या सत्तर जणांची मस्तके टोपल्यांत घालून इज्रेलला धाडली. पुन्हा पत्रे, पुन्हा भ्यालेले प्रतिष्ठित, पुन्हा आज्ञेप्रमाणे झालेली हत्या: ज्या रीतीने नाबोथ मारला गेला, त्याच रीतीने त्याचा सूड घेतला गेला. निमरूद येथे १८४६ साली सापडलेल्या काळ्या स्तंभावर शल्मनेसेरापुढे जमिनीला डोके टेकलेली एक आकृती आहे, आणि तिच्यावरील लेखात येहूच्या खंडणीची नोंद आहे. त्या खंडणीचा काळ इ. स. पू. ८४१ हा धरतात. उत्तर इस्राएलातील तेल दान येथे १९९३ व १९९४ साली सापडलेल्या भग्न अरामी शिलालेखात तर, त्याचे तुटलेले शब्द जुळवून बहुतेक अभ्यासक जे वाचतात त्याप्रमाणे, योराम आणि यहूदाचा राजा अहज्या यांना मारल्याचे श्रेय अरामाचा राजाच घेतो. बाण कोणाचा हा प्रश्न इतिहाससंशोधकांनी सोडवावा. ‘राजे’ ग्रंथाला रस आहे तो प्रेत कोणत्या शेतात पडले यात.

येहूच्या कृत्यावर खुद्द हिब्रू परंपरेतच पुढे फेरविचार झाला, आणि हा भाग मला संपूर्ण विषयात सर्वांत मोलाचा वाटतो. ‘राजे’ ग्रंथात परमेश्वर येहूला शाबासकी देतो आणि चार पिढ्यांपर्यंत गादी बहाल करतो. परंतु सुमारे शतकभराने, येहूचाच वंशज दुसरा यराबाम गादीवर असता, होशेय संदेष्ट्याला मुलगा झाला, आणि त्याचे नाव ‘इज्रेल’ ठेवण्याची आज्ञा झाली; कारण इज्रेलात सांडलेल्या रक्ताबद्दल येहूच्या घराण्याला आता शासन व्हावयाचे होते. जो न्यायाचा हस्तक म्हणून आला, तोच त्या न्यायासनापुढे आरोपी ठरला. यराबामाचा मुलगा जखऱ्या सहा महिन्यांत मारला गेला आणि येहूचा वंश संपला. हे दोन परस्परविरोधी निवाडे एकाच धर्मग्रंथात शेजारी ठेवले गेले, कोणी एकाने दुसऱ्याला खोडले नाही. दैवी न्यायाचे नाव घेऊन केलेला अत्याचार दैवी न्यायातून सुटत नाही, हे त्या ग्रंथसंग्रहाने स्वतःच्याच नायकाच्या बाबतीत मान्य केले.

तरीही एक काटा सलत राहतो. नाबोथाला मारले अहाबाने. शेतात पडला योराम. बापाच्या गुन्ह्याचा तगादा मुलाकडे का? भारतीय वाचकाला येथे कर्मविपाकाची आठवण होणे साहजिक आहे, आणि फरकही येथेच ध्यानात येतो. कर्माचा नियम ज्याचे त्यालाच फळ देतो, कारण त्याच्यापाशी जन्मामागून जन्म आहेत. या जन्मी न फिटले तर पुढच्या जन्मी फिटेल. हिब्रू ग्रंथांच्या बहुतांश भागात पुनर्जन्म नाही आणि स्वर्ग-नरकही नाही. मेलेले सर्व, सज्जन असोत की दुर्जन, शओल नावाच्या अंधाऱ्या, मुक्या लोकात जातात. मेलेल्यांपैकी काही जण जागे होऊन आपापले फळ घेतील ही कल्पना स्पष्टपणे येते ती दानीएलच्या शेवटच्या अध्यायात, इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात. तेव्हा देव जर न्यायी असेल, तर न्याय याच जमिनीवर व्हावयास हवा. आणि माणूस हिशेबाआधी मेला, तर हिशेब वंशावर उतरण्यावाचून मार्ग नाही. निर्गम ग्रंथात बापाच्या अपराधाचे शासन तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत पोचते असे जे सांगितले आहे, ते या विचारकोंडीतून आले असावे. जर्मन अभ्यासक क्लाउस कोख यांनी १९५५ साली असे प्रतिपादन केले की, या ग्रंथांत पुष्कळदा देव बाहेरून शिक्षा ठोठावीत नाही; कृत्यातच त्याचे फळ दडलेले असते, खड्डा खणणारा त्याच खड्ड्यात पडतो, आणि देव ते फळ फक्त पक्व होऊ देतो. स्तोत्रे व नीतिसूत्रे यांना हे वर्णन बऱ्याच अंशी लागू पडते. नाबोथाच्या कथेला पडत नाही. तेथे समन्स आहे, आरोप आहे, शिक्षा आहे आणि तहकुबीसुद्धा आहे.

मानवी न्यायालयाला मात्र या ग्रंथांनी हा मार्ग बंद केला होता. बापाच्या गुन्ह्यासाठी मुलाला आणि मुलाच्या गुन्ह्यासाठी बापाला देहान्त देऊ नये असे अनुवाद ग्रंथ बजावतो, आणि यहूदाचा राजा अमस्या याने आपल्या पित्याच्या मारेकऱ्यांना मारले पण त्यांच्या मुलांना जीवदान दिले ते याच वचनाला अनुसरून, असे ‘राजे’ ग्रंथ सांगतो. माणसाने जे करू नये ते देवाने करावे काय, हा प्रश्न मग टळण्यासारखा नव्हता. दुष्टांची भरभराट का होते असा उघड दावा यिर्मयाने देवाकडे मांडला, आणि ईयोबाने तर संपूर्ण ग्रंथभर. उत्तर आले ते परागंदा झालेल्या लोकांत. इ. स. पू. ५९७ मध्ये यरुशलेमहून बाबिलोनात नेलेल्या कैद्यांत यहेज्केल हा याजक होता. बापांनी आंबट द्राक्षे खाल्ली आणि मुलांचे दात आंबले, अशा आशयाची म्हण या कैद्यांच्या तोंडी बसली होती; पूर्वजांनी पाप केले, आम्ही भोगतो, हा तिचा अर्थ. यहेज्केलाने ही म्हण यापुढे बंद असे जाहीर केले, आणि तीन पिढ्यांचा दाखला दिला: सदाचारी बाप, लुटारू व जुलमी मुलगा, आणि बापाची करणी पाहून तिच्यापासून दूर राहिलेला नातू. आजोबाचे पुण्य मुलाला वाचविणार नाही, मुलाचे पाप नातवाला बुडविणार नाही. जो पाप करील तोच मरेल. आणखी असे की, दुर्जन मागे फिरला तर तो जगेल, कारण त्याच्या मरणात देवाला संतोष नाही. ऐकणाऱ्यांना हे मुळीच सुखकारक वाटले नाही. परमेश्वराची रीत सरळ नाही, अशी कुरकूर त्यांनी केली, आणि ती यहेज्केलाने नोंदवून ठेवली आहे. तिचे कारण उघड आहे: पूर्वजांवर दोष टाकण्याची सोय गेली, आणि पूर्वजांच्या पुण्याईचा आधारही गेला.

यहेज्केलाच्या या सूत्राने पाहिले तर योरामाच्या मृत्यूचे समर्थन करणे कठीण आहे, आणि ‘राजे’ ग्रंथातील कथा कोणी त्या सूत्राप्रमाणे दुरुस्तही केली नाही. पुढील पिढ्यांच्या धर्मशास्त्र्यांनी खटला पुन्हा उघडला तो दुसऱ्या बाजूने. इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नेत, ज्या तीन राजांना परलोकात वाटा नाही असे म्हटले आहे, त्यांत पहिला यराबाम व मनश्शे यांच्याबरोबर अहाबाचे नाव आहे. तोवर परलोकाची कल्पना रुजली होती, म्हणून मुलावर ढकललेली शिक्षा मूळ आरोपीकडे परत आणता आली. बाबिलोनी तल्मुदात तर शास्त्री लोक असाही वाद घालतात की, राजाज्ञेने मारलेल्याची मालमत्ता राजाकडे जाते की वारसांकडे; आणि वारसांचा पक्ष घेणारे उत्तर देतात की, अहाब नाबोथाचा चुलतभाऊ होता, म्हणून मळा त्याला वारसाहक्कानेच मिळाला. मग नाबोथाची मुले कोठे गेली, या प्रश्नाला त्यांच्यापाशी उत्तर तयार होते: तीही त्यानेच मारली.

त्याच ग्रंथात नाबोथाविषयी आणखी एक गोष्ट आहे. अहाबाला रामोथ-गिलादच्या लढाईला प्रवृत्त करण्यासाठी त्याच्या सुमारे चारशे संदेष्ट्यांच्या मुखात शिरून खोटे बोलण्याचे काम एका आत्म्याने देवासमोर पुढे होऊन पत्करले, असा मूळ ग्रंथातील मीखाया संदेष्ट्याचा दृष्टान्त आहे. तो आत्मा नाबोथाचा होता, असे रब्बी योहानान यांनी म्हटले. खोट्या साक्षीने मारला गेलेला माणूस खोट्या भविष्याने राजाला मरणाकडे नेतो, आणि देव त्याला तसे करूही देतो. परंतु जा असे सांगताना देवाने त्याला आपल्या सान्निध्यातून कायमचे बाहेर घातले असा अर्थ तेथे काढला आहे, कारण असत्य बोलणाऱ्याला, मग तो नाबोथ का असेना, त्या दरबारात उभे राहता येत नाही.